ज्या डॉक्टरनं स्वतःच्या मांडीत प्लास्टिक ठेवून बघितलं : खुबा बदलण्याचं ऑपरेशन जगाला देणाऱ्या जॉन चार्नलींची गोष्ट

शेजारच्या काकूंनी गुडघ्याच्या वाट्या बदलल्या, मित्राच्या आजोबांनी खुबा बदलला, हे आपण आता इतक्या सहज बोलतो की जणू गाडीचे टायर बदलून आणलेत. ऑपरेशन होतं, दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभ्या राहिलेल्या आजीचा व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर येतो, खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग लागते आणि विषय संपतो.

पण साठ-सत्तर वर्षांपूर्वी असा व्हिडिओ निघणं शक्यच नव्हतं. खुबा झिजला की माणूस आधी काठीवर यायचा, मग खुर्चीवर आणि शेवटी खाटेवर. रात्री कूस बदलली तरी जीव जायचा. डॉक्टरांकडे उपाय होते, पण ते ऐकूनच पेशंट घरी परत जायचा.

हे चित्र बदललं ते इंग्लंडमधल्या एका हाडांच्या डॉक्टरमुळे. नाव सर जॉन चार्नली. २००७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात खुबा बदलण्याच्या ऑपरेशनवर एक लेख आला, त्यात या ऑपरेशनला शतकातलं सर्वोत्तम ऑपरेशन ठरवण्यात आलं. आज जगभरात होणारी सांधेबदल ऑपरेशन्स चार्नलींनी घालून दिलेल्या पायावर उभी आहेत.

पण या यशाच्या आधी जवळपास ३०० पेशंटची फसलेली ऑपरेशन्स आहेत. ती त्यांनी स्वतः केली होती, ती फसली हे त्यांनी स्वतः सांगितलं आणि ती दुरुस्तही स्वतःच केली. म्हणून ही गोष्ट माहिती असायला हवी.

केमिस्टचा मुलगा

जॉन चार्नली यांचा जन्म २९ ऑगस्ट १९११ चा. गाव बरी, इंग्लंडमधल्या लँकेशायर भागातलं. वडील केमिस्ट, आई नर्स. म्हणजे औषधांचा वास घरातच.

हा लँकेशायर भाग म्हणजे कापड गिरण्यांचा मुलूख. इचलकरंजीला आपण महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतो ना, ते मूळ मँचेस्टर इथलंच. गिरण्या, माग, यंत्रं, कारागीर हे सगळं चार्नलींच्या आसपास होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे याच मागांनी त्यांना वाचवलं.

गावातल्या शाळेत शिकून त्यांनी मँचेस्टरच्या मेडिकल कॉलेजात प्रवेश घेतला. १९३५ साली ते डॉक्टर झाले आणि पुढच्याच वर्षी, म्हणजे वयाच्या २५ व्या वर्षी, सर्जनसाठी मानाची समजली जाणारी एफआरसीएस ही पदवी त्यांच्या नावापुढे लागली. एवढ्या कमी वयात ती मिळवणारे फार थोडे असायचे.

मग दुसरं महायुद्ध पेटलं. १९४० साली चार्नली ब्रिटिश सैन्याच्या वैद्यकीय दलात दाखल झाले. फ्रान्सच्या किनाऱ्यावर अडकलेल्या सैनिकांना डंकर्कमधून बाहेर काढलं गेलं, त्या मोहिमेत ते होते. पुढे त्यांची रवानगी इजिप्तमध्ये झाली. तिथे मोडलेल्या हाडांचे सैनिक रोज यायचे, पण हवी तशी उपकरणं नसायची. चार्नलींनी मग वर्कशॉपमधल्या कारागिरांना हाताशी धरून पायाला बांधायचे आधार आणि इतर उपकरणं बनवून घ्यायला सुरुवात केली.

डॉक्टर आणि मिस्त्री एकाच माणसात असणं ही चार्नलींची खासियत. घरातही लेथ मशीनवर काहीतरी घडवत बसणं त्यांना आवडायचं.

पहिला प्रयोग आणि पहिला फटका

युद्ध संपल्यावर १९४६ साली ते ऑस्वेस्ट्री इथल्या हाडांच्या रुग्णालयात काही महिने काम करत होते. तेव्हा त्यांना एक प्रश्न पडला. हाडाचा तुकडा एका जागेवरून काढून दुसरीकडे बसवला तर तो जगतो कसा, जोडला जातो कसा?

हे बघायला पेशंट कुठून आणायचा? चार्नलींनी आपल्या हाताखालच्या एका डॉक्टरला सांगितलं की माझ्याच नडगीचं ऑपरेशन कर. आणि त्यानं ते केलंही. झालं असं की जखमेत जंतुसंसर्ग झाला, हाड सडायची वेळ आली आणि चार्नलींना पुन्हा ऑपरेशन टेबलवर झोपावं लागलं.

हाडातला जंतुसंसर्ग काय असतो हे त्यांनी पुस्तकात वाचलं होतंच, आता अंगावरही काढलं. त्यांच्या पुढच्या आयुष्यात जंतुसंसर्गाविरुद्धचा जो हट्ट दिसतो, त्याच्याआधी हा अनुभव आहे.

१९४७ साली ते मँचेस्टरच्या मोठ्या रुग्णालयात कन्सल्टंट झाले. १९५० साली मोडलेली हाडं ऑपरेशन न करता कशी बसवायची यावरचं त्यांचं पुस्तक आलं आणि ते जगभरातल्या हाडांच्या डॉक्टरांनी वाचलं. म्हणजे चाळिशीच्या आतच चार्नली नाव कमावून बसले होते. आरामात आयुष्य गेलं असतं.

तेव्हा उपाय काय होते?

इथे थोडं थांबून खुबा म्हणजे काय ते समजून घेऊ. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला एक गोल गोळा असतो. कमरेच्या हाडात वाटीसारखी खोबण असते. गोळा वाटीत फिरतो म्हणून पाय पुढे, मागे, बाजूला हलतो. दोघांवरही कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. हा थर झिजला की हाडावर हाड घासतं आणि दुखणं सुरू होतं.

चार्नलींच्या तरुणपणी यावर तीन मुख्य रस्ते होते.

पहिला, सांधा कायमचा जाम करून टाकायचा. म्हणजे दोन्ही हाडं एकमेकांना जोडून टाकायची. दुखणं थांबायचं, पण तो पाय पुन्हा वाकायचा नाही. साधं खुर्चीत बसणंही अवघड.

दुसरा, गोळाच कापून काढायचा. दुखणं कमी व्हायचं, पण पाय आखूड व्हायचा आणि माणूस जन्माचा लंगडायचा.

तिसरा, कृत्रिम काहीतरी बसवायचं. हे प्रयत्न जुने होते. जर्मनीत थेमिस्टोक्लीस ग्लुक यांनी १८९० च्या आसपास चक्क हस्तिदंताचे सांधे बसवून पाहिले होते. अमेरिकेत स्मिथ-पीटरसन यांनी आधी काचेची आणि मग धातूची टोपी गोळ्यावर बसवली. लंडनमध्ये फिलिप वाइल्स यांनी १९३८ साली स्टीलचा पूर्ण सांधा बसवला. पण यातलं काहीच खात्रीनं टिकत नव्हतं. कुठे काच फुटायची, कुठे स्क्रू ढिले व्हायचे.

जेवणाच्या टेबलावरची कुरकुर

१९४६ साली पॅरिसच्या ज्युडे बंधूंनी अ‍ॅक्रिलिक प्लास्टिकचा गोळा बसवायला सुरुवात केली होती. सुरुवातीला त्याचा खूप बोलबाला झाला. असा गोळा बसवलेला एक पेशंट चार्नलींकडे आला. त्याची तक्रार ऐकायला मजेशीर होती. खुब्यातून कुरकुर आवाज येतो. जेवणाच्या टेबलावर जरा पुढे वाकला तरी दार करकरावं तसा आवाज. बायको त्याच्यासोबत बसायलाही कंटाळली होती.

दुसऱ्या कुणी हसून सोडून दिलं असतं. चार्नली मात्र विचारात पडले. दार कधी करकरतं? बिजागरीला तेल नसतं तेव्हा. म्हणजे या खुब्यात प्रचंड घर्षण होतंय. आणि घर्षण जास्त असेल तर प्रत्येक पावलाला तो गोळा हाडातल्या आपल्या जागेवरून थोडा थोडा हलत असणार. कृत्रिम सांधे ढिले का होतात, याचं उत्तर या आवाजात होतं.

चार्नलींनी मग सांध्यांचं घर्षण मोजायला सुरुवात केली. निरोगी सांध्यातलं घर्षण बर्फावर घसरणाऱ्या स्केटच्या पात्यापेक्षाही कमी निघालं. तोवर अनेकांचा समज होता की सांध्यातला चिकट द्रव इंजिनातल्या तेलासारखं काम करतो. चार्नलींचं मत पडलं की गुळगुळीतपणाची खरी जादू कूर्चेत आहे. तो द्रव कूर्चेवर काम करतो, धातूवर किंवा अ‍ॅक्रिलिकवर नाही. म्हणजे कृत्रिम सांध्याला शरीर वंगण देणार नाही. सांध्याचा मटेरियलच स्वतः निसरडा हवा.

तीन कल्पना

१९५० च्या दशकाच्या अखेरीस चार्नलींनी मँचेस्टरमधलं मोठ्या रुग्णालयातलं काम कमी करत रायटिंग्टन गाठलं. विगन शहराजवळचं हे रुग्णालय मुळात क्षयरोग्यांसाठी होतं. औषधं आल्यामुळे क्षयाचे पेशंट कमी झाले होते आणि वॉर्ड मोकळे पडत होते. तिथे त्यांनी फक्त खुब्याच्या ऑपरेशनचं केंद्र उभं केलं, स्वतःची प्रयोगशाळा आणि वर्कशॉपही थाटलं.

इथे त्यांनी तीन गोष्टी एकत्र आणल्या.

पहिली, निसरडं प्लास्टिक. त्यांनी निवडलं पीटीएफई, म्हणजे तुमच्या नॉनस्टिक तव्यावरचं टेफ्लॉन. घन पदार्थांमध्ये याच्याइतका निसरडा पदार्थ शोधून सापडणं कठीण. वाटी टेफ्लॉनची, गोळा स्टीलचा.

दुसरी, छोटा गोळा. आधी गोळे ४० मिलिमीटरहून मोठे असायचे, नैसर्गिक गोळ्याच्या मापाचे. चार्नली तो कमी करत करत २२.२२५ मिलिमीटरवर आले, म्हणजे एका इंचाचा सात अष्टमांश भाग. का? लोणच्याच्या मोठ्या बरणीचं झाकण आणि छोट्या बाटलीचं झाकण आठवा. झाकण जितकं रुंद, तितकं घासणारी कडा मध्यापासून लांब आणि फिरवायला जोर जास्त. सांध्यात हाच जोर वाटीला तिच्या जागेवरून उपटायला बघतो. गोळा छोटा केला की वाटीवरचा ताण कमी. शिवाय वाटीचं प्लास्टिक जाड ठेवता येतं.

तिसरी, सिमेंट. गोळ्याचा दांडा मांडीच्या पोकळ हाडात ठोकून बसवला की तो काही वर्षांत हलायला लागायचा. मँचेस्टर विद्यापीठात दातांसाठीच्या साहित्यावर काम करणाऱ्या डेनिस स्मिथ यांच्याशी बोलताना उपाय मिळाला, कवळ्या बनवायला वापरतात ते अ‍ॅक्रिलिक. पावडर आणि द्रव मिसळलं की कणकेसारखा गोळा होतो आणि काही मिनिटांत तो दगडासारखा घट्ट होतो. चार्नलींनी तो गोंद म्हणून वापरला नाही. फरशीखाली माल भरतात तसा हाड आणि दांडा यांच्यामधल्या फटी भरायला वापरला. त्यामुळे शरीराचं वजन हाडाच्या सगळ्या आतल्या भागावर पसरलं.

१९५८ पासून ही ऑपरेशन्स सुरू झाली. परिणाम अचंबित करणारे होते. वर्षानुवर्षं खुर्चीला खिळलेली माणसं उठून चालायला लागली. १९६१ साली चार्नलींनी 'लॅन्सेट'मध्ये या नव्या ऑपरेशनवर लेख लिहिला.

३०० पेशंट आणि एक भयंकर सत्य

आणि मग पेशंट परत यायला लागले.

एक-दोन-तीन वर्षांनी त्यांचा खुबा पुन्हा दुखायला लागला होता. एक्स-रेमध्ये दिसत होतं की स्टीलचा गोळा टेफ्लॉनच्या वाटीत खड्डा पाडत आत घुसतोय. टेफ्लॉन निसरडं होतं, पण झिजायलाही तितकंच नाजूक. बरं, नुसती झीज असती तर वाटी बदलून भागलं असतं. झिजलेल्या टेफ्लॉनचे बारीक कण आसपासच्या भागात साठत होते आणि शरीर त्यांच्यावर चवताळून उठत होतं. ऑपरेशन करून आत बघितलं तर पनीरासारखा मऊ लगदा साचलेला आणि भोवतालचं हाड पोखरलेलं.

तोवर जवळपास ३०० पेशंटना हा सांधा बसवून झाला होता. ज्या ऑपरेशनमुळे चार्नलींचं नाव जगभर होत होतं, ते ऑपरेशनच फसलं होतं.

आता कल्पना करा. अशा वेळी माणसाकडे पळवाटा भरपूर असतात. पेशंटची हाडंच कमजोर होती म्हणता येतं. काही पेशंटना दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवून देता येतं. चार्नलींनी यातलं काही केलं नाही. त्यांनी टेफ्लॉनचा वापर थांबवला, पेशंटना परत बोलावलं आणि बिघडलेले सांधे स्वतः काढायला घेतले. प्रत्येक ऑपरेशन आधीच्यापेक्षा अवघड, कारण हाड आधीच पोखरलेलं. स्वतःच्या चुकीचा पंचनामा ते रोज स्वतःच्याच हातांनी करत होते. आणि काढलेली प्रत्येक वाटी जपून ठेवत होते, कुठे किती झिजली ते मोजत होते.

हा अपयशाचा अहवाल त्यांनी छापलाही. त्यातच तो सुप्रसिद्ध प्रयोग आहे. टेफ्लॉनचे कण शरीरात खरंच त्रास देतात का, हे पक्कं करायला त्यांनी स्वतःच्या मांडीत त्वचेखाली टेफ्लॉनची पूड ठेवून घेतली. सोबत दुसऱ्या एका प्लास्टिकची पूडही ठेवली. काही महिन्यांनी टेफ्लॉनच्या जागी हाताला लागतील अशा गाठी झाल्या होत्या. दुसऱ्या प्लास्टिकच्या जागी काहीच लागत नव्हतं. १९६३ साली 'लॅन्सेट'मध्ये हा निष्कर्ष आला.

ते दुसरं प्लास्टिक आलं कुठून?

मागातून आलेला उपाय

मे १९६२. प्लास्टिकचे गिअर विकणारा एक सेल्समन रायटिंग्टनच्या रुग्णालयात आला. हे गिअर लँकेशायरच्या कापडाच्या मागांसाठी बनवलेले होते, अतिशय लांब साखळीच्या पॉलिथीनचे. दिवसरात्र खडखडणाऱ्या मागात ते झिजत नाहीत, असा त्याचा दावा होता. रुग्णालयात वस्तूंची खरेदी बघणाऱ्या माणसानं त्याला चार्नलींच्या वर्कशॉपमध्ये पाठवलं. तिथे हॅरी क्रेवन नावाचे तंत्रज्ञ काम करायचे. सांध्यांची झीज मोजायचं मशीन त्यांनीच उभं केलं होतं.

क्रेवननी तो तुकडा चार्नलींना दाखवला. चार्नलींनी त्यात नख रुतवून बघितलं. नख रुतलं. एवढं मऊ प्लास्टिक काय टिकणार, म्हणून त्यांनी विषय संपवला आणि ते परदेश दौऱ्यावर निघून गेले.

क्रेवननी मात्र साहेब नसताना तो तुकडा मशीनवर लावला आणि मशीन चालू ठेवलं. चार्नली परत आले तेव्हा ते तीन आठवडे फिरत होतं. तीन आठवड्यांत या प्लास्टिकची जेवढी झीज झाली होती, ती टेफ्लॉनच्या एका दिवसाच्या झिजेपेक्षाही कमी होती.

चार्नलींनी आपलं मत तिथल्या तिथे बदललं. नोव्हेंबर १९६२ मध्ये पॉलिथीनची पहिली वाटी पेशंटला बसवली गेली. स्टीलचा छोटा गोळा, पॉलिथीनची वाटी, सिमेंटचा आधार. या जोडगोळीनं बसवलेले काही खुबे पुढे ३० वर्षांहून जास्त चालले.

हवेशी लढाई

एक शत्रू अजून बाकी होता. जंतुसंसर्ग. सुरुवातीच्या काळात चार्नलींच्या दर १०० पेशंटमागे साधारण सात जणांच्या सांध्यात जंतू शिरत होते. कृत्रिम सांध्यात जंतू शिरले की औषधं तिथवर नीट पोहोचत नाहीत, अनेकदा सगळा सांधाच काढावा लागतो.

चार्नलींचा संशय ऑपरेशन थिएटरच्या हवेवर होता. तिथल्या माणसांच्या कातडीचे सूक्ष्म कण हवेत तरंगतात, त्यांच्यासोबत जंतू असतात आणि ते उघड्या जखमेत पडतात. त्यांनी गिरण्यांमधली हवा आणि धूळ यांचं काम करणाऱ्या बोल्टनजवळच्या हॉवर्थ कंपनीला सोबत घेतलं. थिएटरच्या आत एक छोटी बंदिस्त खोली तयार झाली. वरून गाळलेली स्वच्छ हवा सतत खाली यायची आणि जंतू बाहेर ढकलले जायचे. तिला ग्रीनहाऊस हे नाव पडलं. सर्जनसाठी अंतराळवीरासारखा पोशाख आला, त्यातली श्वासाची हवा नळीवाटे बाहेर जायची.

अनेकांना हा वेडेपणा वाटला. पण काही वर्षांत रायटिंग्टनमधलं जंतुसंसर्गाचं प्रमाण सातवरून एक टक्क्याच्या खाली आलं. १९८२ साली ब्रिटन आणि स्वीडनमधल्या ८,००० हून अधिक ऑपरेशन्सचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही स्वच्छ हवेमुळे खोलवरचा जंतुसंसर्ग निम्म्यावर येतो हे दिसलं. आज चांगल्या रुग्णालयात सांधेबदलासाठी वेगळं थिएटर आणि वरून येणारी गाळलेली हवा असते, त्याची सुरुवात इथली.

पैसे मोजा आणि सांधा घ्या? नाही!

सांधा टिकतोय म्हटल्यावर जगभरातून मागणी आली. लीड्सची थॅकरे कंपनी तो बनवत होती. धडाधड विकून मोकळं होता आलं असतं. चार्नलींनी अट घातली. जो सर्जन रायटिंग्टनला येऊन ऑपरेशन शिकेल, त्यालाच हा सांधा मिळेल. १९६० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत ही अट कायम होती.

यामागे टेफ्लॉनचा धडा होता. कृत्रिम सांध्याचा खरा निकाल कळायला वर्षं लागतात. पहिल्या महिन्यात सगळेच पेशंट खुश असतात. त्यामुळे आधी मोजकी ऑपरेशन्स करायची, पेशंटवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवायचं आणि मगच पसरायचं, हे त्यांनी ठरवून टाकलं. त्यांचं लक्ष तर पेशंटच्या मृत्यूनंतरही असायचं. मृत्यूनंतर माझा सांधा तपासायला काढून घ्या, अशी परवानगी ते पेशंटकडून आधीच मागायचे. अनेकांनी ती आनंदानं दिली.

हा धडा पुढे काही लोक विसरले. २०१० साली डीप्यू कंपनीला आपला एएसआर नावाचा धातूवर धातू घासणारा खुबा जगभरातून मागे घ्यावा लागला, कारण तो फार लवकर निकामी होत होता. भारतातही सुमारे ४,७०० ऑपरेशन्समध्ये तो वापरला गेला होता.

गुडघ्यापर्यंतचा प्रवास, व्हाया ब्रीच कँडी

आपल्याकडे खुब्यापेक्षा गुडघ्याची चर्चा जास्त. त्याचाही धागा रायटिंग्टनला जातो. फ्रँक गन्स्टन हे कॅनडाचे डॉक्टर तिथे शिकायला आले होते. ते मूळचे इंजिनीअर. गुडघा दाराच्या बिजागरीसारखा एकाच अक्षावर फिरत नाही, वाकताना त्याचा अक्ष सरकतो, हे लक्षात घेऊन त्यांनी १९६८ साली तिथेच नव्या पद्धतीचा गुडघा बसवला. सूत्र चार्नलींचंच, धातूवर पॉलिथीन आणि आधाराला सिमेंट.

पुढे १९७४ साली न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीमध्ये जॉन इन्सॉल, पीटर वॉकर आणि चित्तरंजन राणावत यांनी आजच्या गुडघ्याचा पूर्वज म्हणावा असा सांधा तयार केला. यातले राणावत आपल्या मध्य प्रदेशचे. २००० साली पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींचा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला गेला, ते ऑपरेशन याच राणावतांनी केलं. त्या बातम्यांनी सांधेबदल हा शब्द घरोघरी पोहोचवला.

आज तुमच्या घरात हा विषय निघाला तर?

पहिली गोष्ट, दुखायला लागलं की लगेच ऑपरेशन असं नसतं. वजन कमी करणं, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, फिजिओथेरपी, डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक औषधं हे आधीचे टप्पे. काठी वापरायची तर दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची, त्यानं खुब्यावरचा भार बराच कमी होतो. गुडघ्यात घेतलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शननं आराम पडतो, पण तो तात्पुरता असतो.

गुडघ्याचा एकच भाग झिजला असेल तर अर्धा सांधा बदलता येतो. तरुण पेशंटमध्ये हाडाचा कोन सरळ करणारं ऑपरेशनही होतं. आणि रात्रीची झोप उडाली, चालणं बंद झालं, औषधांनी भागेना, की पूर्ण सांधा बदलण्याचा विचार होतो.

तो टिकतो किती? २०१९ साली 'लॅन्सेट'मध्येच आलेल्या अभ्यासानुसार साधारण ५८ टक्के खुबे आणि ८२ टक्के गुडघे २५ वर्षं टिकतात. आता पॉलिथीन आणखी चिवट झालंय, त्यामुळे चार्नलींपेक्षा मोठा गोळा बसवता येतो. छोट्या गोळ्याचा एक तोटा होता, तो वाटीतून निसटण्याची भीती जास्त. मोठ्या गोळ्यानं ती कमी होते. तरीही मांडी घालून बसणं, उकिडवं बसणं, भारतीय शौचालय याबद्दल आपल्या सर्जनला आधी विचाराच.

खर्चाचं म्हणाल तर ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारनं गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. सर्वात जास्त वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची किंमत तेव्हा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी ठरली. दर नंतर बदलत गेलेत, त्यामुळे बिलात सांध्याची किंमत वेगळी लिहून मागा. हा सांधा किती वर्षं वापरात आहे, तुमच्याकडे त्याचे जुने पेशंट कसे आहेत, जंतुसंसर्गाचं प्रमाण किती, हे प्रश्न विचारायला लाजू नका. चार्नलींनी हे प्रश्न स्वतःला आयुष्यभर विचारले.

शेवटपर्यंत मोजमाप

१९७४ साली चार्नलींना अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. १९७५ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले, १९७७ मध्ये सर ही पदवी मिळाली. १९७९ साली खुब्याच्या ऑपरेशनवरचं त्यांचं मोठं पुस्तक आलं. ५ ऑगस्ट १९८२ रोजी हृदयविकारानं त्यांचं निधन झालं. वय ७०.

रायटिंग्टनचं रुग्णालय आजही चालू आहे आणि जगभरचे सर्जन तिथे शिकायला जातात.

पुढच्या वेळी ग्रुपवर वॉकर धरून चालणाऱ्या आजीचा व्हिडिओ आला की इमोजी जरूर टाका. फक्त तिच्या खुब्यात कापडाच्या मागातून आलेलं एक प्लास्टिक आहे आणि त्या प्लास्टिकपर्यंत पोहोचायला एका डॉक्टरनं आपलं अपयश मोजून, छापून, जगासमोर ठेवलं होतं, हेही तिला एकदा सांगा.